अंगणवाडीत जाळं घेऊन या

कोकणात मूर्तिकाराच्या कारखान्याला आपण कारखाना म्हणत नाही, 'गणपतीची शाळा' म्हणतो. श्रावण लागला की वाडीतली पोरं शाळा सुटल्यावर दप्तरासकट या दुसऱ्या शाळेत शिरतात. त्यांच्या मागून, अजून पाटीही न धरलेली तीन-चार वर्षांची धाकटी भावंडं येतात. मूर्तिकार त्यांना हाकलत नाही. एका कोपऱ्यात बसवून मातीचा गोळा देतो. कुणी उंदीर करतं, कुणी मोदक, कुणी नुसतीच माती थापटत बसतं. ओल्या सोंडेला बोट लावायचं नाही, हे एकदाच सांगावं लागतं. तास-दीड तास ही मुलं जागची हलत नाहीत. आई बोलवायला आली की उत्तर येतं, "थांब गे आये, डोळे काढूचे रवलेत."

हीच मुलं सकाळी अंगणवाडीत किंवा तालुक्याच्या नर्सरीत दहा मिनिटांत चुळबुळायला लागतात. मग आपण म्हणतो, हल्लीच्या मुलांचं लक्षच लागत नाही. लक्ष लागतं, हे गणपतीच्या शाळेत रोज संध्याकाळी दिसतं. सकाळी त्यांच्यापुढे लक्ष लागावं असं आपण काय ठेवतो, हा खरा प्रश्न आहे.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यातली बहुतेक वर्षं पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. निवृत्तीनंतर देवगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या वाडीतल्या अंगणवाडीत आठवड्यातून दोन सकाळी जाऊन बसते. या सगळ्या वर्षांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. तीन ते सहा वयाच्या मुलांच्या वर्गात गावातली कामकरी माणसं नेमानं बोलावली पाहिजेत. त्यांनी भाषण करायला येऊ नये, आपलं काम घेऊन यावं. ते काम मुलांच्या हातात पडलं पाहिजे. आणि त्या माणसाला त्या दिवसाचे पैसे मिळाले पाहिजेत. स्नेहसंमेलनासारखी वर्षातून एकदा करायची ही हौस नाही. मुलांच्या रोजच्या आहारासाठी जशी सरकारी हिशेबात एक ओळ असते, तशीच ओळ याच्यासाठीही असायला हवी.

मला हे कुठून सुचलं ते सांगते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, बाहेर पाऊस, आणि पुरुष माणसं पडवीत बसून जाळी दुरुस्त करतात. त्याच सुमारास शाळा उघडतात आणि पावसामुळे अंगणवाडीतली मुलंही एका खोलीत कोंडलेली असतात. एका मुलाच्या आजोबांना मी म्हटलं, एक दिवस अंगणवाडीत येता का? ते घाबरलेच. "बाई, माका भाषण करूक जमाचा नाय." मी म्हटलं, भाषण नकोच आहे, घरी पडवीत बसून करता तेच आमच्याकडे बसून करा.

ते फाटकं जाळं घेऊन आले. सोबत दोरा भरलेली सुई आणि गाठींमधलं अंतर सारखं राहावं म्हणून लावायची पट्टी. जाळं खोलीभर पसरलं तशी मुलं त्याच्याखाली शिरली. पहिली पंधरा मिनिटं सेविकाताई हवालदिल होत्या. जाळ्याला वास होता, वाळू सांडत होती. आजोबा मात्र काहीच बोलले नाहीत. त्यांनी एक फाटलेली जागा दोन बोटांत धरली आणि विचारलं, असली आणखी खंय असत? बस्स. पुढचा अर्धा तास मुलं भोकं शोधत होती. मोठं भोक कुठलं, जाळ्याचं स्वतःचं भोक कुठलं आणि फाटलेलं कुठलं, यावर भांडत होती. जाळ्याच्या चौकोनाला आस म्हणतात हा शब्द मुलांनी भांडताभांडता उचलला, कुणी शिकवला नाही.

मग एकीनं मूठ आरपार घातली आणि विचारलं, "माझो हात जाता, म्हणजे बांगडो पण जातलो?"

"ल्हान बांगडो जातलो, मोठो अडाकतलो."

"ल्हान कित्याक सोडूचो?"

"ल्हानग्याक जावक व्हयाच. नायतर फुडल्या वर्सा मोठो खंयसून गावतलो?"

हा संवाद मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवला. समुद्रातला मासा का संपत चालला आहे आणि बारीक आसाच्या जाळ्यांबद्दल किनाऱ्यावर एवढा वाद का आहे, हा सगळा विषय त्या दोन ओळींत आला होता, आणि विचारणारी मुलगी साडेचार वर्षांची होती.

बारीक दोऱ्याची गाठ मुलांना जमणार नव्हती. आजोबांनी दुसऱ्या दिवशी आपण होऊन जाड सुंभ आणलं, दोन खिडक्यांच्या गजांना आडवं बांधलं आणि त्यावर मुलांना गाठी मारायला दिल्या. बोटभर जाडीचं सुंभ लहान हाताला पेलतं. गाठी मोजताना दहाच्या पुढे कुणी गेलं नाही, पण दहापर्यंत कुणी चुकलंही नाही, कारण प्रत्येक आकड्याला बोटाखाली एक गाठ होती. पुढचे तीन आठवडे अंगणवाडीत एकच खेळ चालला होता. चौघं हात धरून जाळं व्हायची, बाकीची मासे. पकडलेला मासा "मी ल्हान, माका सोड" म्हणाला की त्याला सोडायचं, हा नियम त्यांचा त्यांनी केला. मग कोण लहान आणि कोण मोठा हे ठरवायला भिंतीवर खडूनं उंचीची रेघ मारावी लागली. ती रेघ अजून आहे. एक मुलगा घरून कांद्याची जाळीदार पिशवी घेऊन आला आणि सगळ्यांना दाखवत सुटला, "ह्येतसून कांदो जाणा नाय, लसूण जाता."

कांद्याच्या पिशवीचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. एका ठिकाणी हातानं कळलेली गोष्ट मुलानं दुसऱ्या ठिकाणी आपली आपण ओळखली. मी पहिलीला शिकवत असताना लहान-मोठं, आत-बाहेर, जास्त-कमी या कल्पना चित्रांच्या पानांवर शिकवल्या. मुलं मोठ्या चेंडूला बरोबर खूण करायची. पण ती खूण पानावरच राहायची, घरून पिशवी घेऊन कुणी आलं नाही.

पाहुणे बोलावणं काही नवीन नाही, असं कुणी म्हणेल. बोलावले जातातच. एका कार्यक्रमात मीही होते. मुलं सकाळी दहापासून गणवेशात मांडी घालून बसली होती. पाहुणे पावणेबाराला आले. शाल, श्रीफळ, हार, मग प्रास्ताविक, मग मुलांनी देशाचं भविष्य कसं व्हावं यावर भाषण. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं बसल्या जागी कपडे ओले केले आणि ती कुणाला सांगायलाही उठली नाही, कारण उठायचं नाही असं तिला बजावलं होतं. खिचडी गार झाली. मला त्या मुलीचा चेहरा आठवतो आणि अजून राग येतो, त्यात माझ्यावरचाही राग आहे, कारण मी मधे उठून कार्यक्रम थांबवला नाही.

दुसरा प्रकार खाजगी नर्सरींचा. आपले मदतनीस ओळखा असा दिवस असतो, त्याला 'कम्युनिटी हेल्पर्स डे' म्हणतात. पालक भाड्यानं पोशाख आणतात. कुणी डॉक्टर, कुणी पोलीस, कुणी कोळी. तालुक्याच्या गावातल्या अशाच एका नर्सरीत माझ्या नात्यातला मुलगा कोळी झाला होता. डोक्याला रुमाल, हातात पुठ्ठ्याचा मासा, इंग्रजीत पाठ केलेल्या दोन ओळी. नर्सरीच्या फाटकाबाहेर शंभर पावलांवर मासळी विकणाऱ्या बायका रोज बसतात. त्यांच्यातली एकही आत आली नाही. संध्याकाळी त्याच मुलाला आईनं बाजारात नेलं तेव्हा तो टोपलीपाशी नाक धरून उभा राहिला. मुलाचा दोष नाही. त्याला पुठ्ठ्याचा मासा आपण दिला आणि खरा मासा दूर ठेवला. बाजारातल्या मावशीला वर्गात बोलावलं असतं, तर बांगड्याचे कल्ले उघडून आतला लाल रंग तिनं दाखवला असता. मासा ताजा की शिळा हे त्या रंगावरून कसं ओळखायचं, ते सांगितलं असतं. माशाला पापण्या नसतात, म्हणून त्याचे डोळे कधी मिटत नाहीत, हे मुलांनीच शोधलं असतं. पाच वर्षांच्या मुलाला पुरेल एवढं जीवशास्त्र त्या एका टोपलीत होतं.

आणि हे सगळं आपल्याच किनाऱ्यावर एकदा होऊन गेलेलं आहे, म्हणून जास्त वाईट वाटतं. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या ताराबाई मोडक यांनी गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या बरोबरीनं १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ साली काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची साधनं महाग होती. शहरातल्या सुखवस्तू घरांसाठी ती ठीक होती. ताराबाईंनी त्यांच्या जागी शिंपले, बिया, पानं, खडे, काटक्या आणल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, यातून अंगणातली बालवाडी आली. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडत नाहीत, म्हणून कुरणशाळा आली. गुरं चरतायत तिथेच शाळा. १९७३ साली ताराबाई गेल्या, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळालं.

शब्द घेतला, पण त्यातलं अंगण कुठे गेलं? आज आमच्या अंगणवाडीला पक्की खोली आहे, भिंतीवर सफरचंद आणि सिंह रंगवलेले आहेत, ते चांगलंच आहे. पण खिडकीबाहेर माड आहे आणि माडाचं काहीच आत येत नाही. एका माडात किती आहे ते पाहा. झावळीचं चुडत विणता येतं, पात्याच्या मधला हीर सोलून खराटा होतो, नारळाचं सोडण कुजवून काथ्या आणि काथ्याचं सुंभ होतं, करवंटीचा वाढायचा डाव होतो, आणि खोबऱ्याबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या वाडीत ही सगळी कामं करणारी माणसं अंगणवाडीपासून हाकेच्या अंतरावर राहतात. केंद्र सरकारनं २०२३ साली 'जादुई पिटारा' आणला, खेळणी, कार्डं, बाहुल्या असलेली पेटी. तिचं मी स्वागत करते, कारण साधनं हातात द्यायची ही दिशा बरोबर आहे. पण पेटीतली बाहुली मूक असते. कुडाळजवळच्या पिंगुळीत कळसूत्री बाहुल्या नाचवणारी ठाकर मंडळी आहेत, त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपण सगळ्यांनी अभिमानानं बातमी वाचली. दोरा बोटाला कसा बांधतात आणि बोट उचललं की बाहुलीचा कुठला हात उठतो, हे जिल्ह्यातल्या किती लहान मुलांनी आपल्या बोटानं करून पाहिलं?

आता हाताबद्दल थोडं. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलात त्यातली निदान निम्मी अजून हाड झालेली नसतात, कूर्चा असते. एकेक करून ती पुढच्या काही वर्षांत घट्ट होतात. अशा हातात आपण पेन्सिल देऊन चार रेघांत अक्षर बसवायला सांगतो. माझ्याकडे पहिलीत अशी मुलं यायची, ज्यांच्या तीन वह्या नर्सरीतच भरलेल्या असायच्या. पेन्सिल इतकी आवळून धरायची की बोटं पांढरी पडायची, आणि सदऱ्याचं बटण मात्र लावता यायचं नाही. त्याच वर्गात वाडीवरची मुलंही असायची. त्यांनी शेंगा सोललेल्या, चिंचोके मोजलेले, माती कालवलेली. जूनमध्ये त्यांना एकही अक्षर यायचं नाही. दिवाळीपर्यंत ती बरोबरीला यायची आणि लिहायला कंटाळायची नाहीत. ही माझी पाहणी आहे, शोधनिबंध नाही. पण ३१ वर्षं दरवर्षी तेच दिसलं.

पालकांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही. मुलगा घरी आल्यावर आई विचारते, आज काय शिकवलं? वहीत पान भरलेलं असलं तर तिला उत्तर मिळतं. सुंभाच्या गाठी घरी नेता येत नाहीत. तालुक्याची नर्सरी महिन्याला फी घेते आणि ए टू झेड लिहिलेली वही दाखवते, आमच्या ताई फुकट शिकवतात आणि दाखवायला काही नसतं. मग आई पोटाला चिमटा घेऊन पोराला व्हॅनमध्ये बसवते. म्हणून मी आता एक करते. पाहुणा येतो त्या दिवशी दोन पालकांना बोलावते. आपलं मूल काय विचारतं हे त्यांनी कानानं ऐकलं की वहीचा आग्रह थोडा कमी होतो.

सगळ्यात अवघड आक्षेप मला एका बापानं घेतला. जाळेवाल्या आजोबांची गोष्ट ऐकून तो माझ्या अंगणात आला, बसला नाही, उभ्यानंच म्हणाला, "बाई, आमचो जलम खाऱ्या पाण्यात गेलो. आता पोराक परत जाळ्यात कित्याक घालतास?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही, आणि घाईनं दिलं नाही हे बरंच झालं. त्याच्या प्रश्नाला इतिहास आहे. १९५३ साली मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, प्राथमिक शिक्षणाची एक योजना आणली. शाळेची वेळ कमी, आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा. कुंभाराच्या मुलानं मडकी, चांभाराच्या मुलानं चपला. लोकांनी तिला कुलशिक्षण म्हणजे जातीचं शिक्षण म्हटलं, मोठा विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. विरोध करणारे बरोबर होते. हाताच्या कामाचं कौतुक करता करता कामकऱ्याच्या मुलाला तिथेच बांधून ठेवायचं, ही आपल्या देशातली जुनी खोड आहे. मी सुचवते आहे त्यात ही खोड शिरली तर मीच पहिली विरोध करीन.

म्हणून अटी घालाव्या लागतील. जाळं फक्त कोळ्याच्या नातवानं धरायचं नाही, डॉक्टरांच्या मुलीनंही धरायचं. म्हणजे खाजगी नर्सरीतही हे व्हायला हवं, तिथे तर जास्तच. आणि कोळ्याच्या नातवाच्या कानाला स्टेथोस्कोप लागला पाहिजे. वर्षभराच्या पाहुण्यांची यादी काढली आणि त्यात फक्त कुंभार, सुतार, बुरूड दिसले, तर ती यादी चुकली. एसटीचा चालक, वीजवाहिनीवर चढणारा वायरमन, पोस्टातली बाई, मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा, सगळे त्यात हवेत. सुतारकाम दाखवायला बाई मिळत असेल तर बाई आणि भाकरी थापायला पुरुष मिळत असेल तर पुरुष शोधून आणावा. अमक्याचा बाप अमकं करतो, असं वर्गात कुणीही म्हणायचं नाही. पाहुणा त्या दिवशी सगळ्यांचा.

आमच्याकडे आरोग्यसेविका आल्या त्या सकाळबद्दल मी त्या बापाला नंतर सांगितलं. मुलांसाठी त्या म्हणजे सुई. दारात दिसल्या तशी दोघं रडायलाच लागली. त्यांनी पिशवी उलटी करून दाखवली, आत सुई नव्हती. मग प्रत्येकानं दुसऱ्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. मग दहा उड्या मारून पुन्हा लावला. "बाई, ह्येच्या पोटात कोण धावता!" हे ओरडणारं मूल त्याच बापाचं होतं. पुढच्या लसीकरणाला रडारड झालीच, पण दाराबाहेर पळालं कुणी नाही.

आता व्यवस्थेचं बोलायला हवं, कारण चांगुलपणावर चालणारी गोष्ट दोन वर्षांत बंद पडते. सेविकेवर हे काम टाकून मोकळं व्हायचं, हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अन्यायाचा मार्ग आहे. तिच्याकडे आधीच वजनं-उंच्या, आहार, लसीकरणाच्या याद्या, गरोदर बायकांच्या भेटी, सर्वेक्षणं आणि मोबाइलवरच्या नोंदी आहेत. सगळं मानधनावर. पाहुणा शोधणं, त्याला आणणं, साहित्याची सोय करणं, हे पालकांनी आणि ग्रामपंचायतीनं करायचं. सेविकेनं फक्त मुलं सांभाळायची आणि मुलं काय बोलतात ते ऐकायचं. तेच तिचं खरं काम आहे आणि तेवढ्यालाच तिला वेळ मिळत नाही.

पैशाचंही अवघड नाही. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. बऱ्याच ठिकाणी तो वर्षअखेर घाईघाईनं वस्तू वाटून संपवला जातो. महिन्याला दोन पाहुणे, वर्षाचे १० महिने, म्हणजे २० सकाळी. प्रत्येकाला ५०० रुपये धरले तर वर्षाला १०,००० रुपये. साहित्याला आणखी थोडे. ज्या पंचायतीचं उत्पन्नच तुटपुंजं आहे, तिथे जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीनं भर घालावी. आणि पाहुण्याला पैसे का द्यायचे, असं विचारणाऱ्यांना मी एवढंच विचारते की कॉलेजात व्याख्यान द्यायला आलेल्याला पाकीट देताना हा प्रश्न का पडत नाही? मासळीवाल्या मावशीची एक सकाळ म्हणजे तिची त्या दिवशीची विक्री आहे.

धोरणाचा आधारही आहे, पण तो भलत्या इयत्तेत ठेवलेला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी १० दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे, आणि त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक माणसांकडे जाऊन शिकावं असं म्हटलं आहे. तेच धोरण असंही सांगतं की मेंदूची ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. मग कुंभार भेटायला मुलानं सहावीपर्यंत का थांबायचं? कायद्यातही हे वय मागेच पडलं आहे. शिक्षणाचा हक्क ६ ते १४ वयाचा. त्याच्या खालच्या मुलांसाठी २००९ च्या कायद्याच्या ११ व्या कलमात सरकार व्यवस्था 'करू शकेल' असा शब्द आहे. संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदातही राज्यानं प्रयत्न करावा, इतकंच. 'करू शकेल' याचा अर्थ आपल्याकडे बहुधा कुणी करत नाही असा होतो, आणि मग ती जागा व्हॅनवाल्या नर्सरी भरून काढतात.

काळजी घ्यायच्या गोष्टी आहेत, त्या टाळून चालणार नाही. पाहुणा कितीही ओळखीचा असला तरी मुलांबरोबर त्याला एकटं सोडायचं नाही, सेविका आणि एक पालक खोलीत हवेच. यात संकोच नको. कोयता, विळी, तापलेली कढई पाहुण्याच्याच हातात. कुणाला शिंपल्यांनी अंगावर पुरळ उठतं का, हे घरी आधी विचारायचं. मासा हाताळला की साबणानं हात. आणि काही गोष्टींना हात लावायचाच नसतो, हेही याच शिक्षणात येतं. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे जाताना बघायला माणसं जमतात. ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तिथे मुलानं दोरीच्या अलीकडे उभं राहून हात मागे बांधून बघायचं. गणपतीच्या शाळेत ओल्या सोंडेला बोट न लावणारं मूल हे सहज करतं, कारण आपल्या हातानं काय मोडू शकतं हे त्याला मातीनं शिकवलेलं असतं.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी आम्ही लेखी अर्ज दिला आहे. मागण्या तीनच आहेत: वर्षाला २० पाहुण्यांचं मानधन, पाहुणे ठरवायला पालकांची समिती, आणि अंगणवाडीच्या पडवीला पत्रा, म्हणजे पावसातही जाळं, माती, चुडतं बाहेर पसरता येतील. पत्र्याचा खर्च कुठल्या खात्यातून करायचा यावर अजून घोळ चालला आहे. अर्जाखाली ११ सह्या आहेत, पहिली जाळेवाल्या आजोबांची. माझ्या अंगणात उभ्यानं बोलून गेलेल्या त्या बापाची सही नाही. मी आग्रहही केला नाही. परवा तो वाटेत भेटला, सहीचा विषय काढला नाही, फक्त विचारून गेला की नर्सबाई अंगणवाडीत परत कधी येणार आहेत.